घर, जिम आणि महार हॉकी क्लब

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईतल्या जिमना कुलपे लागली. महाराष्ट्रात ती कुलपे निघायला दसरा उजाडला, म्हणजे २५ ऑक्टोबर. मधल्या सात महिन्यांत टीव्हीवरून आणि मोबाइलवरून एकच उपदेश चालू होता : घरीच व्यायाम करा. नटनट्या आपापल्या दिवाणखान्यात चटई अंथरून हातपाय ताणत होत्या. मागे काचेची खिडकी, खिडकीत झाडाची कुंडी. त्याच वेळी नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आजी, आईबाप, दोन भाऊ, वहिनी आणि तिचे लेकरू दिवसभर एकमेकांच्या अंगावर बसून होते. त्या खोलीत चटई अंथरायची तर आधी कोणाला तरी गॅलरीत उभे करावे लागते. आणि गॅलरीत उभे राहू नका, असे पोलीस सांगत होते.

टाळेबंदी गेली, पण तो वाद उरला. आपल्या पोरांच्या ग्रुपवर तो दर आठवड्याला निघतो. एक म्हणतो, जिमला महिन्याला पैसे कशाला घालायचे, यूट्यूब बघून घरी सगळे होते. दुसरा म्हणतो, घरी काही होत नाही, मशीन लागते, ट्रेनर लागतो. मग तिसरा येतो, जो स्वतःला जास्त शहाणा समजतो. तो म्हणतो, बाबासाहेबांनी पुस्तके वाचायला सांगितली, दंड फुगवायला नाही. हे सगळे सोडा आणि वाचायला बसा.

या तिसऱ्याला उत्तर द्यायचे म्हणून हा लेख लिहितो आहे. पहिल्या दोघांचाही हिशेब त्यातच होईल. कारण घर की जिम, या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, माणसाला घर आहे. दोन, घराबाहेरच्या जागेचा दरवाजा त्याला उघडा आहे. आपल्या इतिहासात या दोन्ही गोष्टी कधीच गृहीत नव्हत्या.

आधी घराचे पाहू. सातारा सोडून सुभेदार रामजी सकपाळ मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंब राहत होते. चूल तिथेच, जाते तिथेच, बकरी तिथेच. त्या खोलीत सगळ्यांना एकाच वेळी पाय पसरून झोपायला जागा नव्हती. म्हणून शाळकरी भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जात, आणि मध्यरात्र उलटल्यावर सुभेदार त्यांना अभ्यासाला उठवून स्वतः त्याच जागी आडवे होत. गिरणीत पाळ्या चालतात तशा त्या खोलीत जमिनीच्या पाळ्या चालत होत्या. पुढे हा मुलगा वाचायला कुठे जायचा? चर्नी रोडच्या बागेत. तिथेच विल्सन हायस्कूलच्या कृष्णाजी केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली, आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. धम्माकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात आपण या भेटीपासून सांगतो. ती भेट घडली ती घरात जागा नव्हती म्हणून, आणि शहरात एक सार्वजनिक बाग होती म्हणून. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा.

नंतर १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेब परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत राहिले. दोन खोल्या. परदेशांतल्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, मुंबई विधिमंडळाचा सदस्य, गोलमेज परिषदेचा प्रतिनिधी, आणि बिऱ्हाड चाळीतच.

नायगावची बीडीडी चाळ म्हणजे याच गोष्टीचा पुढचा मजला. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ८० खोल्या, संडास सामायिक. खोली १६० चौरस फूट, त्यातच मोरी. आता जरा फूटपट्टी घेऊन हिशेब करा. दंड मारायला एका माणसाला लांबीला सहा-सात आणि रुंदीला तीन फूट मोकळी जमीन लागते, म्हणजे वीस चौरस फूट. खोलीतून मोरी, चूल, ट्रंका, अंथरुणाची वळकटी आणि पाण्याची पिंपे वजा करा. उरलेल्यात माणसे बसवा. एकाने दंड मारायचे तर बाकीच्यांनी श्वास धरायचा.

महाराष्ट्रात 'घरी व्यायाम' या विचाराचा सर्वात मोठा प्रचारक कोण, माहीत आहे? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. १९२० च्या दशकात त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तके लिहिली, संस्थानच्या शाळांत तो सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की याला ना साहित्य लागते, ना आखाडा, ना पैसा. घरात बायकामुलांसह करता येतो. माणूस उदार होता, हे सांगितलेच पाहिजे. याच राजाने १९३९ मध्ये स्वतःची सत्ता प्रजेला देऊन टाकली. पण राजवाड्यातून आणि वाड्यातून पाहताना 'घर' या शब्दाचा अर्थ अंगण असलेले घर असाच होतो. ओटी, माजघर, परसू, पूर्वेचे ऊन आणि ओठांवर मंत्र. गिरणगावच्या खोलीत पूर्व दिशा शोधायची तर समोरच्या चाळीची भिंत दिसते. फुकटचा व्यायाम फुकट असतो तो जमीन आधीच मालकीची असल्यामुळे.

आता घराबाहेरचे पाहू. घराबाहेर काय होते? तालीम होती. आणि इथे आपल्या इतिहासाचे एक सोनेरी पान आहे. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातला हा वस्ताद, आणि त्याच्याकडे दांडपट्टा व नेमबाजी शिकायला जोतिराव फुले जात होते. जोतिरावांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे आणि लहुजींचे नाव घेतले आहे. पुढे शूद्रातिशूद्रांच्या शाळा काढल्या तेव्हा मागे उभे राहणाऱ्यांत लहुजी होते. तालीम आणि शाळा एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे ज्याला वाटते त्याने गंज पेठेचा हा इतिहास वाचावा.

पण लहुजींची तालीम हा अपवाद होता. पेशवाईत बाळंभट दादा देवधरांच्या मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता, तेव्हा त्याच पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते. गावची तालीम म्हणजे मारुतीची तालीम. आत शिरताना मारुतीला हात जोडायचे, मग लाल मातीत उतरायचे. ज्याला मारुतीच्या देवळाची पायरी बंद, त्याला मातीही बंद. विसाव्या शतकात व्यायामाची चळवळ शहरात आली तेव्हाही तिची नावे बघा : अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर. या संस्थांनी खेळाडू घडवले, त्याबद्दल वाद नाही. मी फक्त शब्दांकडे बोट दाखवतो. हनुमान, समर्थ, मंदिर. व्यायामाची भाषाच देवळाची होती. आणि ज्या वर्षी दादरला मंदिर झाले त्याच वर्षी नागपुरात संघाची स्थापना झाली. तिथेही मैदान आणि दंड हीच साधने. ताकद कोणासाठी कमवायची, हे तेव्हा सगळ्यांनाच नीट कळत होते. आपल्यालाच काय ते अंग कमवण्याचे राजकारण कळत नव्हते, असे समजू नका. पुढे येतेच आहे.

तालमीखेरीज आणखी एक दार होते, लष्कराचे. महारांच्या अंगमेहनतीला शिस्त, गणवेश आणि पगार मिळाला तो तिथे. सुभेदार रामजी त्याच दारातून आलेले. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचे थोतांड उभे केले आणि महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. ज्यांच्या अंगात ताकद आहे असे युद्धात दिसले, त्यांच्या अंगात शांततेच्या काळात पुन्हा विटाळ दिसू लागला.

गिरणीत तर हा विटाळ यंत्रापर्यंत पोहोचला होता. गाठी उचलायला, साचे पुसायला आपला माणूस चाले. पण विणाई खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे तो चालत नसे. कारण धोट्यात नवी कांडी घातली की तोंडाने दोरा ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला दोरा दुसरा कसा ओढणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्टांपुढे ठेवला. शरीर वापरायचे, पण त्या शरीराला जागा द्यायची नाही, ही जातीची रीत आहे. दिवसभर गाठी वाहणाऱ्याला आपण कष्टकरी म्हणतो आणि संध्याकाळी लोखंड उचलणाऱ्याला पहिलवान. दोघांच्या खांद्यावरचे वजन एकच असते. दुसऱ्याला त्याचा मान मिळतो, पहिल्याची पाठ मोडते.

मैदानावरचे उदाहरण पाळवणकर बाळूंचे. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पुण्यात हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय गोरे हरत नव्हते. त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या पात्रात चहा. मुंबईतल्या समुद्राकाठच्या जिमखान्यांची नावे आठवा : पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने धर्मवार जमिनी दिल्या आणि प्रत्येकाने आपला जिमखाना बांधला. आपला कुठे होता? (याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. ते सुमारे दोन हजार मतांनी हरले. पण तो इतिहास वेगळा, आणि बाळूंच्या गोलंदाजीचा मान त्यामुळे कमी होत नाही.)

इथे आपण त्या तिसऱ्या शहाण्याकडे येतो, ज्याला बाबासाहेब म्हणजे फक्त पुस्तके.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे नायगावहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. बाबासाहेबांची ही पहिली संघटना. तिने काय केले ते आपण भाषणात नेहमी सांगतो : ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले. यादी इथे थांबते. पण सभेच्या कामात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपण सांगत नाही. मुंबईत सभेने महार हॉकी क्लब चालवला. वस्तीतला तरुण दारू आणि जुगारापासून दूर राहावा, त्याच्या संध्याकाळीला चांगले वळण लागावे, यासाठी.

पुन्हा वाचा. वसतिगृह, वाचनालय, हॉकी क्लब. कोलंबियाहून आणि लंडनहून परतलेला, देशातल्या मोजक्या विद्वानांत मोडणारा माणूस आपली पहिली संस्था काढतो, संस्थेकडे पैसा बेताचा, आणि तरीही त्या बेतात हॉकीची काठी बसवतो. त्याला पुस्तकाचे महत्त्व कमी वाटत होते म्हणून? त्याच्याइतके पुस्तकाचे महत्त्व या देशात कोणाला वाटले?

हॉकीच का, यावर माझा तर्क असा. हॉकी हा छावणीतला खेळ. लष्करात गेलेल्या घरांतल्या मुलांना तो ठाऊक होता. त्याला मारुती लागत नाही, वस्तादाची मेहेरबानी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे हॉकी एकट्याने खेळता येत नाही. अकरा जण जमवावे लागतात, वेळेवर यावे लागते, चेंडू दुसऱ्याला द्यावा लागतो, शिट्टी वाजली की थांबावे लागते. चाळीतल्या खोलीत व्यायाम करता येत नव्हता आणि सवर्णांच्या तालमीत शिरता येत नव्हते, तेव्हा सभेने तिसरी जागा तयार केली. घरही नाही, फी भरून दुसऱ्याचे दारही नाही. आपली, सामायिक, मैदानावरची जागा.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे समता सैनिक दल. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्याल्यानंतर काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि मंडपात जेवणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या पडल्या. त्या गर्दीत लष्करातून निवृत्त झालेले, महायुद्ध पाहिलेले आपले लोक होते. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर महाडात त्या दिवशी रक्ताचा सडा पडला असता. तो शब्द आला नाही. आले ते शांत राहण्याचे सांगणे, आणि ते पाळले गेले. हल्लेखोरांना पुढे कोर्टात शिक्षा झाली. हात उगारता न येणारा माणूस शांत बसला तर त्याला लाचारी म्हणतात. हात उगारता येत असून जो थांबतो, त्याच्या थांबण्याला वजन असते. १९४२ च्या जुलैत नागपूरला समता सैनिक दलाच्या परिषदेत बाबासाहेबांनी अहिंसा आणि दुबळेपणा यांतला फरक सैनिकांना समजावून सांगितला तो हाच. ताकद हवी, पण शीलाच्या लगामात.

म्हणून 'जय भीम' गोंदवलेला दंड कॅमेऱ्यापुढे फुगवणाऱ्या पोरालाही थोडे सांगायचे आहे. तुझा दंड चांगला आहे. तू मेहनत घेतली आहेस. पण तुझ्या मागे कोण आहे?

हा प्रश्न माझा नाही, नायगावचा आहे. येवल्याच्या घोषणेनंतर सात महिन्यांनी, ३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबई इलाखा महार परिषद भरली ती याच नायगावात. आपण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने जे भाषण वाचतो ते तिथले, ३१ मे चे. त्यात बाबासाहेब सामर्थ्याची फोड करतात. तीन बळे सांगतात : मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. तिन्हींत आपण कुठे आहोत ते तपासतात. संख्या थोडी आणि तीही गावोगाव विखुरलेली. पैसा नाही. आणि शतकानुशतके अपमान गिळून मन खचलेले. मग ते गावातल्या मुसलमानाचे उदाहरण देतात. गावात त्यांची घरे दोनच असली तरी त्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्या दोन घरांच्या मागे सगळा मुसलमान समाज उभा आहे, हे गावाला ठाऊक असते. आपली दहा घरे असूनही मार खातात, कारण मागे कोणी नाही.

शरीरबळ असा चौथा प्रकार त्यांनी सांगितला नाही, याचा अर्थ शरीर नको असा लावू नका. सुटे शरीर हे बळच नव्हे, हे त्यांनी गृहीत धरले होते. चार मित्रांनी मिळून केलेली कवायत मनुष्यबळात मोडते. भीती जाऊन ताठ चालता येणे मानसिक बळात मोडते. खोलीचे दार लावून आरशासमोर केलेले दीडशे दंड यांतल्या कशात मोडतात, ते ज्याचे त्याने ठरवावे. तब्येतीला ते चांगलेच आहेत. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या वस्त्यांत घरोघर आहेत, आणि स्वतः बाबासाहेबांचे शेवटचे दशक मधुमेहाने आणि संधिवाताने किती पोखरले होते, ते आपण जाणतो. तब्येतीसाठी जो जिथे करेल तिथे त्याने करावे. मी बोलतो आहे ते चळवळीबद्दल.

मुंबईत पुढे काय झाले ते थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर कामगार वस्त्यांत सामायिक जागा वाढल्या. १९५३ चा मुंबई कामगार कल्याण निधी कायदा आला. त्यातून केंद्रे चालली, वाचनालये, खेळ, व्यायामाची साधने आली. हा निधी कुठून आला? कामगारांना न दिलेला पगार आणि त्यांच्याकडून कापलेला दंड मालकांकडे पडून होता, त्यातून. म्हणजे सरकारने दान केले नाही. ज्या केंद्रात गिरणी कामगाराचा पोरगा डंबेल उचलत होता त्याच्या विटा बापाच्या बुडालेल्या पगाराच्या होत्या. गणेशोत्सव मंडळांच्या तालमीही याच गल्ल्यांत होत्या. त्यांची दारे आता कायद्याने बंद नव्हती, पण आत शिरल्यावर कोणत्या झेंड्याखाली उभे राहायचे ते ठरलेले असे. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडीत दंगल पेटली आणि १० तारखेला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडले. भागवत जाधव गेला. एकाच गिरणीत राबणारी, एकाच नळावर पाणी भरणारी पोरे, आणि ताकद दोन बाजूंना वाटली गेलेली. आजही गोविंदा पथकांच्या खालच्या थरात उभी असलेली पोरे कोणत्या चाळींतली असतात ते बघा. वरची हंडी फोडायला खाली खांदे लागतातच.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी मॉल आले, मॉलमध्ये काचेच्या जिम आल्या. ज्या आवारात आजोबा गाठी वाहत होते तिथेच नातू आता फी भरून वजन उचलतो, आणि फी परवडत नसेल तर तिथे रात्रपाळीला सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. मारुतीच्या जागी महिन्याचा हप्ता आला. दार जातीने अडत नाही, पैशाने अडते, आणि पैसा कोणाकडे कमी का आहे याचे उत्तर पुन्हा जातीकडे जाते. मैदाने आक्रसली, पार्किंग वाढले. मधल्या काळात बागांमध्ये आमदार निधीतून खुल्या व्यायामशाळा झाल्या. लोखंडापेक्षा नावाची पाटी मोठी.

यात बाईचा विचार कोणीच केला नव्हता. घर हेच तिचे कामाचे ठिकाण, मग 'घरी व्यायाम' म्हणजे काय? सामायिक नळावरून तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे हंडे चढवणे हा व्यायाम असेल तर नायगावच्या बायका शंभर वर्षे जिममध्येच आहेत. तालीम तर पुरुषांचीच. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदलते आहे, आणि बदल नायगावातच दिसतो. पोलिसांचे सशस्त्र मुख्यालय इथे आहे, भरतीची मैदानी चाचणी इथल्या मैदानावर होते. शासकीय नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. मुलींना ८०० मीटर धावायचे, मुलांना १६०० मीटर. दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण. सेकंदासेकंदाला गुण कापले जातात. आपल्या किती घरांची पुढची पिढी या पन्नास गुणांवर उभी आहे! आणि ८०० मीटर ना १६० चौरस फुटांत पळता येतात, ना जिमच्या पट्ट्यावर. चार किलोचा गोळा चाळीच्या गॅलरीतून फेकता येत नाही. त्याला मैदान लागते, पहाटे सोबतीला मैत्रिणी लागतात, घड्याळ धरणारा कोणी लागतो. पाच हजार रुपयांची अकॅडमी ज्यांना परवडते त्यांची सोय होते. उरलेल्यांसाठी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या हॉकी क्लबसारखे काहीतरी लागते.

अंगुत्तर निकायात चंकमसुत्त आहे. भगवान बुद्धांनी चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत : लांब प्रवास झेपतो, श्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना लागलेली समाधी टिकते. संन्याशाला शरीर नकोसे असते, हा समज तथागतांनी उरुवेलेलाच मोडला होता. सुजाताची खीर घेतली आणि मग ते बोधीवृक्षाखाली बसले. विहारासमोर चालायला मोकळा पट्टा असणे ही म्हणजे आपल्या परंपरेतली जुनी रीत आहे.

आता हे सगळे आजच का? कारण बीडीडी चाळी पडत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. नायगावात काम चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. पहिल्यांदाच आपल्या माणसाला चटई अंथरायला घरात जमीन मिळेल. त्याचा आनंद आहे आणि तो साजरा झाला पाहिजे. ज्यांना हे घर कधी कमी पडले नाही त्यांनी आपल्याला साधेपणा शिकवू नये. पण टॉवरमध्ये दारे बंद होतात. गॅलरी जाते. चाळीच्या पटांगणात जयंतीला लेझीम बसायचे, तिथे पार्किंगचे खांब येतात. आणि तळमजल्यावर कुठेतरी 'फिटनेस सेंटर' अशी पाटी लागते. ती खोली सोसायटीची असते, पण चालवायला ठेकेदाराकडे जाते, मग त्याची फी ठरते, मग मेंटेनन्स थकलेल्या घरातल्या पोराला तिथून परत पाठवले जाते. हे इतर ठिकाणच्या पुनर्वसन इमारतींत घडलेले आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर समता सैनिक दलाची मानवंदना आपण पाहतो, डोळे भरून येतात, फोटो काढतो. ती रांग सरळ यायला कवायतीची जागा लागते. ती जागा नव्या नायगावात आताच मिळाली तर मिळेल. इमारत पूर्ण झाल्यावर भिंत पाडून कोणी देत नाही.

तेव्हा नायगावच्या मित्रांनो, सोसायटीच्या पुढच्या सभेला जाताना काही प्रश्न लिहून न्या. आराखड्यात वाचनालयाला किती चौरस फूट आहेत आणि व्यायामशाळेला किती? मोकळे मैदान किती, आणि त्यावर गाड्या लागणार नाहीत हे कुठे लिहिले आहे? व्यायामशाळा सोसायटी चालवणार की ठेकेदार? रहिवाशांच्या मुलांना फी किती? मुलींची वेळ कोणती आणि त्या वेळी चावी कोणाकडे? क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास योजना आहे, तिच्यासाठी अर्ज कोण करणार? उत्तरे तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि इतिवृत्ताची प्रत मागा.